सरासरीशेजारी मध्यकही मांडा

सर्वेक्षणातील उत्पन्नाचे किंवा जमीनधारणेचे आकडे केवळ सरासरीने सांगितले, तर एखाद्या टोकाच्या नोंदीमुळे चित्र फसवे होते. समजा, पाच कुटुंबांकडे २, २, ३, ३ आणि ४० एकर जमीन आहे. सरासरी १० एकर येते, जी त्यांपैकी एकाही कुटुंबाच्या परिस्थितीशी जुळत नाही, तर मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ३ एकर येतो.

१. एक्सेलमध्ये पहिल्या स्तंभाखाली काउंट, एव्हरेज, मीडियन, मिन आणि मॅक्स ही सूत्रे लिहून उजवीकडे ओढावीत.
२. सरासरी व मध्यक जवळपास असल्यास सरासरीसोबत प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) द्यावे. मोठी तफावत असल्यास मध्यक आणि पहिले व तिसरे चतुर्थक (ज्यांच्या खाली अनुक्रमे सुमारे पाव व पाऊण नोंदी येतात ते आकडे) द्यावेत.
३. गाव, पीक अशा गटांना संगणकात १, २ असे क्रमांक दिलेले असले, तरी त्यांची सरासरी काढू नये. तेथे वारंवारता (प्रत्येक गटात किती नोंदी आहेत) आणि टक्केवारी पुरते.

उत्तर न मिळाल्याची खूण म्हणून ९९ भरले असल्यास तक्त्यातील ती घरे आधी रिकामी करावीत. ही सूत्रे रिकामी घरे वगळतात, परंतु ९९ हा खरा आकडा समजून मोजतात, आणि वयाच्या स्तंभात तर ही चूक सहसा नजरेसही येत नाही.