रानातली अळंबी वर्षभर टिकवायची कशी

वाळवण हे उन्हाळ्याचं काम. कुरडया, पापड, सांडगे सगळं चैत्र-वैशाखात गच्चीवर उरकतं, मराठवाड्यात तेव्हा उन्हाला तोटा नसतो. अळंबीचं तसं नाही. ती उगवते पावसाळ्यात, आभाळ भरून आलेलं असताना, आणि वेचून आणली की दुसऱ्या दिवशी काळी पडून पाणी सोडायला लागते. म्हणून पहिला नियम हाच: ज्या दिवशी वेचली, त्याच दिवशी तिचं काय ते करायचं. फ्रीजमध्ये कोंबून "उद्या बघू" म्हटलं की निम्मी उकिरड्यावर जाते.

टिकवण्याआधी ओळख

वर्षभरासाठी ठेवायची असेल तर वारुळावरची अळंबीच घ्या, आणि तीही ओळखणाऱ्या माणसाला दाखवून. किनवट-माहूरकडच्या सागाच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या वेचणारी माणसं आहेत. फोटोवरून ठरवू नका, मोबाइलमधल्या ॲपवर तर मुळीच नाही. वाळवी वारुळाच्या पोटात या बुरशीचे मळे जोपासते आणि छत्री तिथूनच वर येते. त्यामुळे देठ खाली निमुळता होत मुळासारखा खोल गेलेला असतो, आणि टोपीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो. वारूळ फोडू नका, देठ हलकेच फिरवून काढा. वारूळ शाबूत राहिलं तर पुढच्या पावसाळ्यातही तिथेच छत्र्या मिळण्याची आशा असते.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती गवतात, लॉनवर उगवणाऱ्या एका मोठ्या पांढऱ्या छत्रीने. तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायलम मॉलिब्डाइट्स. देठावर कडं असतं, आणि टोपीखालच्या पात्या कोवळेपणी पांढऱ्या असल्या तरी पुढे हिरवट पडतात. ही खाल्ली तर काही तासांतच उलट्या-जुलाब सुरू होतात. तपासायला एक उघडलेली टोपी घ्या. अर्धी पांढऱ्या आणि अर्धी काळ्या कागदावर येईल अशी, पात्या खाली करून ठेवा आणि वर वाटी झाका. सकाळी कागदावर भुकटीचा ठसा उमटलेला दिसेल. वारुळाच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबीसर असतो. हिरवट आला तर सगळी टोपली फेकून द्या. गुलाबी आला म्हणजे मात्र ती खाण्याजोगी ठरली असं नाही, कारण तसा ठसा असलेल्या विषारी जातीही असतात. बाकीची अळंबी तोवर वाळत घातलेली चालेल, फक्त खात्री होईपर्यंत चाखायची नाही.

विषारी अळंबीने चांदीचं नाणं काळं पडतं, तिच्यासोबत शिजवलेला लसूण रंग बदलतो, किड्यांनी खाल्लेली अळंबी चांगली असते, या तिन्ही गोष्टी खोट्या आहेत. वाळवून, उकळून किंवा मीठ लावून विष जात नाही. अमॅनिटा जातीतल्या जीवघेण्या छत्र्यांचं विष तर शिजवूनही तसंच राहतं आणि त्रास ६ ते २४ तासांनी सुरू होतो. मध्ये माणसाला बरं वाटतं, पण तेवढ्यात यकृत खराब होत असतं. म्हणून प्रत्येक वेळी एक अख्खी कच्ची अळंबी कागदात गुंडाळून काही दिवस फ्रीजमध्ये बाजूला ठेवा. कुणाला त्रास झालाच तर थेट दवाखाना गाठा आणि ती सोबत न्या.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे विशेष महत्त्वाची. अळंबीचा हंगाम आणि कापूस-सोयाबीनवरच्या फवारणीचा हंगाम एकच. धुऱ्यावर तणनाशक मारलेलं असेल तर तिथली छत्री कितीही ऐटदार असो, सोडून द्या. रस्त्याकडेचीही नको, कारण अळंबी मातीतले जड धातू शोषून घेते. अभयारण्यातून काही वेचायचं नाही, हे सांगायला नको.

साफ करणं आणि चिरणं

वाळवायची अळंबी पाण्यात बुडवू नका. देठाचा मातीचा भाग सुरीने कापा, टोपी ओल्या फडक्याने पुसा, पात्यांत अडकलेली माती मऊ ब्रशने झाडा. अळ्या पडलेली, चिकट झालेली, वास मारणारी काढून टाका. टोप्यांचे अर्ध्या सेंटिमीटरचे काप करा. देठ वेगळे चिरा, ते चिवट असतात आणि टोपीच्या मानाने उशिरा वाळतात. एकाच परातीत घातले तर टोपी कडक आणि देठ ओला, असं होऊन पुढे सगळ्या बरणीला बुरशी धरते.

वाळवणं

ताज्या अळंबीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. एक किलोची साधारण शंभर ग्रॅम उरते, तेव्हा वाळल्यावर बरणीत चिमूटभर दिसली म्हणून हिरमुसू नका.

बाजेवर सुती कापड अंथरा, काप एकमेकांना चिकटणार नाहीत असे पसरा आणि वर पंखा पूर्ण वेगात सोडा. बाज यासाठी की खालूनही हवा लागते, फरशीवर पसरले तर खालची बाजू घामेजते. पाच-सहा तासांत काप आकसून चामट होतात. उघडीप मिळाली तर लगेच उन्हात हलवा, पात्या वर करून. सूर्यप्रकाशाने अळंबीत ड जीवनसत्त्व वाढतं, हा वरचा फायदा. पण झड लागली असेल तर उन्हाची वाट बघत बसू नका. घरात किंवा बचत गटाकडे विजेवरचा ड्रायर असेल तर ५० ते ५५ अंशांवर सहा ते दहा तास ठेवा. याहून जास्त तापवलं की काप बाहेरून कडक होतात आणि आत ओल कोंडते. ड्रायर नसेल तर दोऱ्यात ओवून माळा करा आणि चुलीपासून हातभर उंचावर टांगा. धुराचा वास लागतो. मला तो रश्श्यात आवडतो, पण पुलावात आवडणार नाही.

वाळली की नाही हे हाताने कळतं. काप गार होऊ द्या आणि मग मोडा. पापडासारखा कट्‌कन तुटला पाहिजे, वाकला तर अजून ओला आहे. रंग तपकिरी झाला तर घाबरू नका, तो होतोच.

बरणी भरणं

कामं इथेच बिघडतात. श्रावणातल्या हवेत कोरडी अळंबी तासाभरात पुन्हा नरम पडते. म्हणून गार होताक्षणी, शक्यतो भर दुपारी, काचेच्या बरणीत सैलसर भरा आणि झाकण घट्ट लावा. पुढचे पाच दिवस रोज बरणी हलवून काचेकडे बघा. आतून दव धरलं किंवा काप एकमेकांना चिकटले तर परत ड्रायरमध्ये घाला. बुरशीचा ठिपका दिसला तर मात्र अख्खी बरणी टाकून द्यायची, वेचून वेचून वाचवायची नाही. पाचही दिवस कोरडे गेले की तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, किडींची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर बरणी खोलीइतकी उबदार होईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत पाणी सुटतं. मग कागदावर ठिकाण आणि तारीख लिहून चिकटवा व अंधाऱ्या फडताळात ठेवा. दोन ठिकाणची अळंबी एका बरणीत मिसळू नका.

दसऱ्याच्या आसपास आपल्याकडे ऊन कडक आणि हवा कोरडी होते. तेव्हा एक दिवस बरण्या रिकाम्या करून माल पुन्हा उन्हात घाला. हे दुसरं वाळवण केलं तर अळंबी पुढचा मृग येईपर्यंत सहज टिकते.

फ्रीझर आणि लोणचं

फ्रीझरमध्ये कच्ची ठेवू नका, ती रबरासारखी होते. धुऊन, चिरून, थोड्या तेलात तिचंच पाणी आटेपर्यंत परता, गार करा आणि पिशवीत चपटी करून उणे १८ अंशांवर ठेवा. सहा महिने चव चांगली राहते. एकाच दाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यावर विसंबू नका. लोडशेडिंगमध्ये वितळलेली पिशवी परत गोठवायची नाही, त्याच दिवशी शिजवून संपवा.

कैरीसारखं तेलातलं वर्षाचं लोणचं अळंबीचं घालू नका. कैरीत आंबटपणा मूळचाच असतो, अळंबीत नसतो. तेलाखाली हवा पोचत नाही आणि तिथे बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू विष तयार करू शकतात, वासाने कळतही नाही. हौस असेल तर मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळून, निथळून, ५ टक्क्यांच्या व्हिनेगरमध्ये पुन्हा उकळा. बरणी फ्रीजमध्ये ठेवा आणि महिनाभरात संपवा.

खायला काढताना

मूठभर काप गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. पाणी फेकू नका, अर्धा स्वाद त्यातच असतो. तळाशी वाळू बसते, म्हणून फडक्यातून गाळून घ्या. रानातली अळंबी कच्ची खायची नसते, वाळवलेलीसुद्धा पंधरा-वीस मिनिटं चांगली शिजली पाहिजे. काळा मसाला, भाजलेलं खोबरं आणि तीळ घालून रस्सा करा, ज्वारीची भाकरी सोबत हवीच. कित्येक घरांत श्रावणात अळंबी चालत नाही, त्यांना तर ही सोयच आहे. पहिल्यांदाच खाणाऱ्याला दोन घासांवर थांबवा, चांगली अळंबीही एखाद्याला बाधते.

बरणीच्या तळाशी उरलेला चुरा आणि चिवट देठ मिक्सरमधून काढून पूड करा. येसराच्या (भाजलेल्या डाळी-धान्यांच्या मसालेदार पिठाच्या) आमटीत चमचाभर पूड उकळीच्या सुरुवातीलाच घालायची, वरून भुरभुरायची नाही.