चंदीगडचे सचिवालय कसे पाहावे

चंदीगडच्या सेक्टर १ मधील कॅपिटॉल कॉम्प्लेक्स हे सरकारी इमारतींचे संकुल २०१६ साली जागतिक वारसा यादीत गेले असले, तरी आपल्याकडे ज्याला मंत्रालय म्हणतात तशी, पंजाब आणि हरियाणा या दोन्ही राज्यांची रोजची कचेरी असलेली त्यातील सचिवालयाची इमारत मनाला येईल तेव्हा आत शिरून पाहता येत नाही. ३१ ऑगस्ट १९९५ रोजी पंजाबचे मुख्यमंत्री बेअंत सिंग यांची हत्या याच इमारतीबाहेरच्या बॉम्बस्फोटात झाली, हे लक्षात घेतले म्हणजे पहाऱ्यावरच्या चौकशीचा राग येत नाही. म्हणून सरकारी ओळखपत्र बरोबर ठेवावे, आवारातील पर्यटक केंद्रात नाव नोंदवून मार्गदर्शकासोबतच निघावे आणि छायाचित्र घेण्यापूर्वी त्यालाच विचारावे.

सचिवालयाकडे थेट जाण्याची घाई करू नये. उच्च न्यायालय आणि विधानसभा यांच्यामधल्या विस्तीर्ण फरसबंद चौकात 'टॉवर ऑफ शॅडोज' नावाची मोकळी वास्तू आहे, तिथे आधी थांबावे. तिची उत्तरेची बाजू उघडी आहे, कारण तिकडून ऊन फारसे येत नाही; उरलेल्या बाजूंना काँक्रीटच्या उभ्या-आडव्या फळ्या ऊन अडवतात. या संकुलाचा वास्तुविशारद ला कॉर्बुझिए याने उन्हाचा केलेला हिशेब इथे उघडा दिसतो, आणि तो एकदा समजला की सचिवालयाचा दर्शनी भाग वाचता येतो.

मग तिथूनच विधानसभेच्या मागे पाहावे. सुमारे २५४ मीटर लांब आणि ४२ मीटर उंच अशी ही १९५८ साली पूर्ण झालेली सचिवालयाची इमारत जवळून डोळ्यांत मावत नाही. ती दुरूनच पाहायची. सहा ब्लॉक सलग जोडलेले असूनही दर्शनी भागावरच्या, ऊन अडवणाऱ्या काँक्रीटच्या जाळीची लय एके ठिकाणी मोडते, जाळीतले चौकोन मोठे आणि खोल होतात, आणि मंत्र्यांची दालने नेमकी तिथेच आहेत. अधिकाराची उतरंड पाटी न लावता भिंतीवर मांडणे मला थोडे खटकते, पण चातुर्य मान्य करावेच लागते.

जवळ जाण्याची मुभा मिळाली, तर गिलावा न केलेल्या काँक्रीटवर उमटलेले साच्याच्या फळ्यांचे ठसे आणि इमारतीबाहेर काढलेला चढण्या-उतरण्याचा बिनपायऱ्यांचा उतरणीचा मार्ग (रॅम्प) अवश्य पाहावा. वेळ उरल्यास सेक्टर १९ मधील ला कॉर्बुझिए सेंटर गाठावे. शहर उभे राहत असताना वास्तुविशारदांचे कार्यालय तिथेच होते.