स्लाइस जात नाही? आधी डावीकडे उभं राहणं थांबवा

रविवारी सकाळी गोल्फच्या कुठल्याही सरावाच्या रेंजवर जा, नवख्यांचं एकच रडगाणं: चेंडू उजवीकडे वळतो, म्हणजेच स्लाइस होतो. आणि उपायही सगळ्यांचा एकच, अजून थोडं डावीकडे तोंड करून उभं राहायचं. मला हे बघवत नाही. (मी उजव्या हाताने खेळणाऱ्यांबद्दल बोलतोय, डावखुऱ्यांनी उलटं धरावं.)

चेंडू सुटतो तो मुख्यतः क्लबफेस (काठीची चेंडूला लागणारी बाजू) जिकडे बघत असेल तिकडे. हवेत वळतो, कारण फेस आणि क्लबची वाट यांच्यात फरक असतो. वाटेच्या मानाने फेस उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला असला की स्लाइस. तुम्ही पाय आणि खांदे डावीकडे फिरवलेत, तर क्लब आणखी बाहेरून आत, म्हणजे चेंडूच्या पलीकडून तुमच्याकडे येतो; फेस मात्र तुम्ही झेंड्याकडेच ठेवता. म्हणजे फरक वाढला आणि वळणही वाढलं.

आमच्यातल्या एका गृहस्थांनी वर्षभर हेच केलं. आधी फेअरवेच्या (होलपर्यंतच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) डाव्या कडेवर नेम, मग झाडांवर, मग थेट कुंपणावर. मध्येच स्लाइस कमी करणारा महागडा ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटक्याचा क्लब) ही आला. क्लब वाहणारा कॅडी बिचारा दर वेळी म्हणायचा, "साहेब, लई डावीकडं बघताय." हे ऐकायचे नाहीत. मग एका स्पर्धेत पहिल्याच टीवर, म्हणजे पहिल्या होलच्या सुरुवातीलाच, फेस बरोबर बंद झाला. फटका खणखणीत आणि नेम धरला होता तिकडेच, कुंपणापार. पेनल्टी घेऊन दुसरा मारला, तोही तिकडेच. पुढची सतरा होल्स त्यांचा चेहरा बघवत नव्हता. चांगल्या फटक्याची शिक्षा मिळावी असा नेम काय कामाचा?

त्यांना मी ड्रायव्हर गाडीतच ठेवायला लावला. सेव्हन आयर्न (मध्यम अंतराचा क्लब), अर्धा स्विंग. जमिनीवर दोन काठ्या: एक लक्ष्याच्या रेषेत, दुसरी पायांच्या टोकांना समांतर. चेंडूच्या किंचित मागे आणि रेषेच्या थोडं बाहेर हेडकव्हर (क्लबच्या डोक्यावरचं आवरण) ठेवायचं. क्लब बाहेरून आला की हेडकव्हर उडतं, मग कुणी काही सांगायची गरज उरत नाही. पूर्ण स्विंगची घाई करणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं. वाटू दे.

ग्रिपही तिथेच तपासा. क्लब डाव्या तळव्यात नव्हे, बोटांच्या मुळाशी हवा, आणि खाली पाहिल्यावर डाव्या हाताचे किमान दोन सांधे दिसायला हवेत. ग्लोव्ह तळव्याच्या टाचेकडे फाटत असेल तर क्लब हातात सरकतोय. नवीन ग्लोव्ह घेण्याआधी पकड बदला.

रेंजवरच्या कृत्रिम गवताच्या मॅटवरच्या फटक्यांवर विश्वास ठेवू नका. क्लब चेंडूच्या मागे आपटला तरी मॅटवरून घसरून पुढे जातो आणि फटका बरा वाटतो. तोच फटका पावसाळ्यातल्या ओल्या गवतावर मारा, चिखल उडेल आणि चेंडू चार पावलं जाईल. मी आयर्नचा सराव शक्यतो गवतावरच करतो आणि चेंडूऐवजी डिव्हट (क्लबने गवतात पडलेला खड्डा) बघतो. तो चेंडूच्या जागेच्या पुढे सुरू झाला पाहिजे.

"डोकं खाली ठेव" हा सल्ला विसरा. टॉप, म्हणजे क्लब चेंडूच्या वरच्या भागाला लागणं, बहुतेकदा डोक्यामुळे नाही, कंबर चेंडूकडे ढकलून शरीर उभं राहिल्यामुळे होतो.

ड्रायव्हरला चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला. मध्यभागी ठेवू नका, बस्स.

एकाच आठवड्यात चार व्हिडिओंमधले चार स्विंग करून बघू नका. एक बदल, निदान महिनाभर.

आणि काठ्यांची सवय लागली म्हणून त्या कोर्सवर मांडू नका. फेरीत नेम धरायला वस्तू ठेवणं नियम 10.2 खाली चालत नाही, एकूण फटके मोजणाऱ्या स्ट्रोक प्लेत दोन फटक्यांचा दंड आहे. 2019 पासून तुम्ही स्टान्स घ्यायला, म्हणजे फटक्यासाठी पाय रोवायला, लागल्यावर कॅडीलाही मुद्दाम मागे रेषेत उभं राहता येत नाही. मी चेंडूच्या मागे जाऊन लक्ष्याच्या रेषेत हातभर पुढे आधीच पडलेलं एखादं पान हेरतो, आधी फेस त्यावर लावतो आणि मगच पाय.