रिंग्ज शिकताना घाई कुठे करायची नाही

रिंग्जला, म्हणजे पट्ट्यांना टांगलेल्या जिम्नॅस्टिक्सच्या दोन कड्यांना, हात लावला की बहुतेकांना पहिल्याच महिन्यात क्रॉस, म्हणजे दोन्ही हात आडवे पसरून अंग तोलून धरणं, करून बघायचा असतो. अशांना आधी युरी केकीची कारकीर्द सांगावी. इटलीतल्या प्रातोचा हा जिम्नॅस्ट १९९३ ते १९९७ असा सलग पाच वेळा रिंग्जचा जगज्जेता झाला, १९९६ला अटलांटात ऑलिंपिक सुवर्ण जिंकला. पण १९९२च्या बार्सिलोनाच्या तोंडावर त्याचा टाचेमागचा अकिलीस टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटला आणि सिडनीच्या वर्षी, २०००मध्ये, दंडातल्या बायसेप्सचा. दोन ऑलिंपिक हातची गेली. तरीही २००४ला अथेन्समध्ये, चौतिसाव्या वर्षी, त्याने कांस्यपदक मिळवलं.

दोन्ही वेळा दगा दिला तो टेंडनने. टेंडनला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे तो स्नायूपेक्षा बराच सावकाश तयार होतो. दंडात ताकद आल्यासारखी वाटते तेव्हा टेंडन मागेच असतो, आणि घात होतो तो याच टप्प्यावर.

स्पर्धेत रिंग्ज जमिनीपासून २.८० मीटर उंच असतात, दोन पट्ट्यांमध्ये ५० सेंमी अंतर आणि कडीची जाडी २८ मिमी. घरी उंचीचा हट्ट नको, ५० सेंमीचं अंतर मात्र पाळा. सुरुवातीला रिंग्ज कमरेच्या उंचीवर, म्हणजे पाय टेकवून सुटका करून घेता येते. फ्लॅटमधल्या पंख्याच्या हुकाला त्या अजिबात टांगू नका. तो हुक पंख्यासाठी असतो, झोके घेणाऱ्या माणसासाठी नाही. कड्या लाकडीच घ्या, प्लॅस्टिकवर घामाचा हात सटकतो. पुण्याच्या पावसाळ्यात चॉकचे (पकडीसाठी हाताला लावायच्या पांढऱ्या पुडीचे) गोळे होतात, म्हणून तो घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि पट्टा बकलमधून सरकत नाही ना, हे रोज अंगाचं वजन टाकून बघा.

मल्लखांब करून येणाऱ्यांनी हात साबणाने दोनदा धुवावेत. एरंडेलाचा अंश राहिला तर चॉक धरतच नाही. या मुलांची पकड आणि पोट तयार असतं. पण अडचणीत आलं की अढी मारायची, म्हणजे पायांनी खांब आवळायची, सवय असते, आणि रिंग्जवर पायांना धरायला काही नसतं. सरळ कोपराने भार पेलणं त्यांनाही पहिल्यापासूनच शिकावं लागतं.

आधी नुसतं लोंबकळणं: २० ते ३० सेकंद, चार वेळा. मग त्याच स्थितीत कोपर न वाकवता खांदे खाली ओढायचे. हे जमलं की सपोर्ट, म्हणजे रिंग्जच्या वर, हात सरळ खाली आणि पाय लोंबते ठेवून, अंग तोलून धरणं. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. हात थरथरतात, कड्या बाहेर पळतात, खांदे कानाला जाऊन भिडतात. थरथर चालेल, वाकलेलं कोपर चालणार नाही. दंड पट्ट्याला टेकवून आधार घेणं ही चोरी आहे. स्पर्धेतही तिचे गुण कापले जातात. शेवटी कड्या बाहेर वळवायच्या, तळवे समोर, अंगठे बाहेर. असा सपोर्ट ३० सेकंद, सलग तीन वेळा जमेपर्यंत डिप्सकडे (सपोर्टमधून कोपर वाकवून खाली-वर होण्याकडे) वळू नका. त्यानंतर एल-सिट, म्हणजे सपोर्टमध्ये दोन्ही पाय समोर आडवे धरणं, १० सेकंद, आणि मागे गोल फिरून खांदे मोकळे करणारं स्किन-द-कॅट, तेही सावकाश. झटक्याने मागे गेलात तर खांद्याचा पुढचा भाग धरतो.

क्रॉस यानंतर, आणि तोही उसन्या आधारावर. पट्ट्याचा फास करून त्यात हात घाला आणि फास कोपराजवळ टेकवा. तरफ आखूड झाल्याने खांद्यावर भार बराच कमी येतो. काही आठवड्यांनी फास दोन बोटं मनगटाकडे सरकवा. मोबाइलवर समोरून व्हिडिओ घ्या: हात खांद्याच्या रेषेत हवेत. नियमानुसार १५ अंशांपर्यंतची चूक छोटी, ३० पर्यंत मध्यम, ४५ पर्यंत मोठी, त्यापुढे तो क्रॉस धरलाच जात नाही. शिवाय तो दोन सेकंद थांबलेलाही हवा. सरावात तीन मोजा, स्पर्धेत आकडे पळतात.

आठवड्यातून दोनच दिवस क्रॉस, मध्ये किमान ४८ तासांचं अंतर. स्नायू दुखला तर सहसा दोन-तीन दिवसांत सुटतो. कोपराच्या घडीत किंवा आतल्या हाडाजवळ बोटाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी दुखत असेल, आणि पुढच्या सरावाआधीही तिथेच दुखत असेल, तर लोंबकळणं सोडून सरळ हातांची सगळी कामं बंद, फक्त ते आणि पायांचा व्यायाम. दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर फिजिओला दाखवा, आणि ‘हात दुखतो’ एवढंच न सांगता कोणत्या कोनात दुखतं ते सांगा. दंडात ‘टक्’ असा आवाज आला आणि पाठोपाठ निळसर डाग दिसला, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. बायसेप्सचा टेंडन तुटलेला असू शकतो, आणि उशीर झाला की तो जोडणं अवघड होत जातं.