नोकरी बदलण्याआधी: स्वभाव आणि कामाचे वातावरण यांचा मेळ कसा तपासावा

नोकरीत मन लागत नाही, ही तक्रार ऐकली की बहुतेक जण एक तर ‘जमवून घ्या’ म्हणतात किंवा ‘सोडून द्या’ म्हणतात. दोन्ही सल्ले घाईचे आहेत, कारण नेमके काय जुळत नाही हे ठरण्याआधीच ते दिले जातात. एखाद्याला काम आवडते, पण वरिष्ठांची पद्धत सोसत नाही. दुसऱ्याला माणसे उत्तम मिळाली आहेत, मात्र दिवसभर जे करावे लागते त्यात त्याचा जीव रमत नाही. तिसऱ्याची या दोन्हींबद्दल तक्रार नाही, पण संस्था ज्या रीतीने पैसा मिळवते ती त्याच्या मनाला पटत नाही. तिघांचे असमाधान बाहेरून सारखेच दिसते, उपाय मात्र तिघांसाठी वेगळा असतो.

या विषयावरील संशोधनात व्यक्तीचा मेळ प्रामुख्याने चार गोष्टींशी पाहिला जातो: काम, संस्था, सहकारी आणि वरिष्ठ. एमी क्रिस्टॉफ-ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये 172 अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा समाधानाशी सर्वांत घट्ट संबंध कामाशी असलेल्या मेळाचा निघाला. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध, असे धरले तर हा सहसंबंध 0.56 होता, संस्थेशी आणि वरिष्ठांशी असलेल्या मेळासाठी तो प्रत्येकी 0.44, तर सहकाऱ्यांच्या गटासाठी 0.31 होता. म्हणून तपासणी कामापासून सुरू करावी. प्रत्यक्षात आपण उलटे करतो. माणसांबद्दलची चीड डोळ्यांपुढे असते म्हणून सगळा विचार तिच्याभोवती फिरतो, आणि दिवसाचे बहुतेक तास ज्यात जातात ते काम तपासायचे राहून जाते.

त्यासाठी दोन आठवडे रोज काम संपताना पाच मिनिटे काढून त्या दिवशीच्या कामांची नोंद करावी. ‘दिवस वाईट गेला’ ही नोंद निरुपयोगी आहे. कोणते काम केले, किती वेळ लागला, ते एकट्याने केले की इतरांबरोबर, मध्ये किती वेळा व्यत्यय आला, आणि तेच काम उद्या पुन्हा वाट्याला आले तर कसे वाटेल, एवढे लिहावे. शेवटचा प्रश्न गाळू नये, कारण थकवा आणि नावड यांची गल्लत त्यानेच टळते. अवघड काम थकवते, तरी आवडीचे असेल तर दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा त्याला हात घालतो. नावडते काम सोपे असले तरी त्याची आठवण आदल्या संध्याकाळपासून छळते.

समजा, हिशेब विभागातील एका कर्मचाऱ्याने अशी वही लिहिली. ताळमेळात न जुळणारी रक्कम शोधण्यात सलग दोन तास गेले आणि शेवटी एकच पावती दोनदा चढवल्याचे सापडले. पुढे शेरा, ‘पुन्हा चालेल’. थकबाकीदारांना फोन, चाळीस मिनिटे, शेरा, ‘नको’. बैठकीत महिन्याचे आकडे समजावून सांगितले. शेरा, ‘तयारीला वेळ मिळाला तर चालेल’. दोन आठवड्यांनी वही सलग वाचली की चित्र बदलते. आपण हिशेबाच्या कामालाच विटलो आहोत असे ज्याला वाटत होते, तो प्रत्यक्षात आठवड्यातल्या तीन-चार तासांच्या फोनला विटलेला असतो आणि त्या फोनची धास्ती उरलेल्या दिवसावर पसरलेली असते. त्याने दुसरीकडे जाऊन हेच पद घेतले आणि तिथे वसुलीचे फोन दुप्पट निघाले, तर पगार वाढूनही तो अधिक दुःखी होईल.

नोंदी हाती आल्या की त्यांच्याकडे दोन बाजूंनी पाहावे. काम माझ्याकडून जे मागते ते माझ्यापाशी आहे का, ही एक बाजू. आणि मला जे हवे आहे ते काम देते का, ही दुसरी. मिनेसोटा विद्यापीठात रेने डेविस आणि लॉइड लॉफक्विस्ट यांनी 1960 च्या दशकात मांडलेल्या सिद्धांतात हा भेद मध्यवर्ती आहे: पहिला मेळ बसला तर संस्था कर्मचाऱ्यावर समाधानी राहते, दुसरा बसला तर कर्मचारी कामावर. वरिष्ठांकडून सतत शाबासकी मिळवणारा माणूस एके दिवशी अचानक राजीनामा देतो, तेव्हा बहुधा पहिली बाजू भक्कम आणि दुसरी रिकामी असते. इथे जास्त मिळाले म्हणजे चांगलेच, असेही गृहीत धरू नये. ज्याला कामाची चौकट स्पष्ट लागते, त्याला ‘तुम्हाला हवे तसे करा’ हे वाक्य मोकळीक न वाटता टांगणीला लावल्यासारखे वाटते. म्हणून स्वातंत्र्य, विविधता, माणसांशी संपर्क, कामाचा वेग आणि नियमांची काटेकोरता या प्रत्येकाबाबत ‘किती आहे’ आणि ‘मला किती हवे’ हे दोन्ही लिहावे. तफावत कमतरतेची आहे की अतिरेकाची, हे त्यावरून कळते.

व्यक्तिमत्त्व चाचण्यांचा उपयोग आहे, पण तो बेताचा. जॉन हॉलंड यांनी 1959 मध्ये मांडलेली आणि पुढे विकसित केलेली सहा प्रकारांची मांडणी आजही करिअर मार्गदर्शनात वापरली जाते. हाताने व यंत्रांवर काम करणारे, शोधक, कलात्मक, लोकांना मदत करण्यात रमणारे, पुढाकार घेऊन इतरांना वळवणारे आणि नोंदी-नियमांत चोख, असे ते प्रकार. आपल्याला कशाची ओढ आहे हे शब्दांत पकडायला ही मांडणी चांगली आहे. मात्र चाचणीने मोजलेल्या आवडी आणि व्यवसाय यांचा मेळ समाधानाशी जेमतेम 0.2 इतकाच निगडित असल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांतून दिसते. वर दिलेले मोठे आकडे मुख्यतः व्यक्तीला स्वतःला जाणवणाऱ्या मेळाचे आहेत, आणि त्यांत एक मेख आहे: खूश असलेला माणूस ‘माझे इथे जुळते’ असेही सहज म्हणतो. एकाच व्यवसायातल्या दोन जागांचा दिनक्रम पार वेगळा असतो, हेही चाचणीला कळत नाही. तिच्या निकालावरून व्यवसाय ठरवू नये. निकाल वहीशेजारी ठेवून वाचावा.

असमाधानाचा काही भाग कुठल्याही नोकरीत आपल्याबरोबरच येतो, हे ऐकायला कटू असले तरी तपासणीत धरावेच लागते. टिमथी जज आणि सहकाऱ्यांच्या 2002 च्या विश्लेषणात चिंता व अस्थिरतेकडे झुकणाऱ्या स्वभावाचा समाधानाशी उणे 0.29 इतका सहसंबंध आढळला, म्हणजे असा स्वभाव जितका ठळक, तितके समाधान साधारणपणे कमी. मागच्या दोन-तीन नोकऱ्यांत आपली तक्रार काय होती, हे आठवून लिहावे. दर ठिकाणी शब्दशः तीच तक्रार असेल, तर जागेइतकेच स्वतःकडेही पाहावे लागेल. दर ठिकाणी ती वेगळी असेल, तर तिची कारणे त्या-त्या जागेत शोधावीत. आजची तुलना नव्या नोकरीच्या पहिल्या महिन्यांशी करणेही फसवे असते, कारण नवेपणाचा उत्साह ओसरल्यावर समाधान खाली येणे हा नेहमीचा अनुभव आहे.

तफावत कळल्यावर आधी आहे त्याच जागी फेरफार करून पाहावा. एमी व्झेस्निएव्स्की आणि जेन डटन यांनी 2001 मध्ये दाखवून दिले की कर्मचारी आपले काम थोडेफार स्वतःच घडवत असतात: कामांची वाटणी बदलून, कोणाशी किती संबंध ठेवायचा हे ठरवून आणि कामाकडे पाहण्याची दृष्टी बदलून. त्यांच्या लेखनातील रुग्णालयाच्या सफाई कर्मचाऱ्यांपैकी काहींनी रुग्णांशी आपुलकीने वागणे हा आपल्या कामाचाच भाग मानला होता, तर काही जण नेमून दिलेल्या सफाईपुरते राहत. वरिष्ठांकडे जाताना ‘मला समाधान नाही’ असे सांगितल्यास ते सहानुभूती दाखवतील, फार तर रजा सुचवतील. त्याऐवजी आपल्या हिशेबनिसाने असे म्हणावे: ‘वसुलीचे फोन दोन महिने दुसऱ्या कोणाकडे देऊन पाहू या, त्या बदल्यात सगळ्या विभागाचा ताळमेळ मी करतो.’ मागणी नेमकी, मुदतीची आणि संस्थेच्या फायद्याची असली की नकार देणे अवघड जाते. सहकाऱ्यांपैकी एखाद्याला फोनवर बोलणे मनापासून आवडत असेल, तर बोलणी त्याच्यापासूनच सुरू करावी.

मूल्यांच्या विसंवादावर मात्र असा फेरफार क्वचितच लागू पडतो. ग्राहकाला अर्धवट माहिती देणे हीच जिथे रीत आहे, तिथे कामांची वाटणी कितीही बदलली तरी टोचणी राहते. अशा वेळी बाहेर पडण्याची तयारी सुरू करावी.

नवी जागा पाहताना संस्थेच्या घोषवाक्यांपेक्षा तिथल्या माणसांकडे लक्ष द्यावे. बेंजामिन श्नायडर यांनी 1987 मध्ये मांडले की संस्थेकडे विशिष्ट माणसे आकर्षित होतात, त्यांतून काही निवडली जातात, न जुळणारी निघून जातात, आणि उरलेल्यांचा स्वभाव हेच त्या संस्थेचे वातावरण बनते. म्हणून मुलाखतीत ‘इथले वातावरण कसे आहे’ असे विचारू नये. उत्तर ठरलेले असते. मागच्या आठवड्यात या पदावरच्या व्यक्तीचा वेळ कशात गेला, घाईचे काम शेवटचे कधी आले आणि ते कोणी निस्तरले, आधीची व्यक्ती ही जागा सोडून कुठे गेली, हे विचारावे. शक्य असल्यास पुढे ज्यांच्या हाताखाली काम करायचे त्यांच्याशी स्वतंत्र बोलावे आणि जमले तर अर्धा दिवस त्या विभागात बसू देण्याची विनंती करावी. विनंती मान्य झालीच, तर वही बरोबर न्यावी आणि आपल्या यादीतल्या ‘नको’ शेऱ्याची किती कामे तिथे होतात, ते मोजावे.