साधी, जुन्या वळणाची इलेक्ट्रिक गिटार घेतलीत? मग या चुका टाळा

दोन नॉब, एक स्विच, दोन पिकअप आणि चार स्क्रूंनी बॉडीला आवळलेला नेक, झाली फेंडर कंपनीची टेलिकास्टर. १९५० च्या आगेमागे ती बाजारात आली तेव्हा एवढंच होतं आणि आजही एवढंच आहे. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल ज्युनियरमध्ये तर अजूनच कमी, १९५४ साली आली ती एक पिकअप, एक व्हॉल्यूम आणि एक टोन घेऊन, स्विचसुद्धा नाही. तरी पुण्यात फिरोदिया करंडकाच्या तालमीत रात्री काढणारी पोरं असोत नाहीतर आठवडाभर हिंजवडीत लॅपटॉप बडवून शनिवारी बँडची प्रॅक्टिस करणारे चाळिशीतले दादा, पेडलबोर्ड आणि डिजिटल मॉडेलर सगळं करून झालं की बरेच जण शेवटी हिच्याकडेच येतात. मेनू नाही, प्रीसेट नाही, केबल लावा आणि वाजवा, हात जसा पडेल तसा आवाज.

आता जसा हात तसा आवाज म्हटल्यावर गिटार नीट लावलेली नसेल तर तेही ऐकू येणारच ना. महिन्याभरात तक्रारी सुरू होतात, फार गुणगुणते, बेंड मारला, म्हणजे तार आडवी ओढून सूर चढवला, की तो मरतो, ट्यून राहत नाही, आणि मग पिकअप बदला, खुंट्या बदला, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) बदला असं सत्र चालू होतं. माझं मत विचाराल तर यातलं बहुतेक सगळं स्क्रूड्रायव्हर, अ‍ॅलन की आणि थोडा धीर एवढ्यावर मिटतं. टेलिकास्टर बनवणारा लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, १९३८ पासून कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये त्याचं दुकान होतं, स्वतःला गिटार वाजवता यायची नाही, पण त्याने गिटार बनवली ती उघडून दुरुस्त करता येईल अशी. मग उघडा की, घाबरताय कशाला.

गुणगुण आली की लगेच पिकअपला शिव्या

सिंगल कॉइल पिकअप गुणगुणणारच. एका चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे असतात, ते गिटारच्या तारांचं कंपन पकडतात तसं घरातल्या विजेचं ५० हर्ट्झपण पकडतात. हेच टाळायला गिब्सनमध्ये सेथ लव्हरने १९५० च्या दशकात दोन कॉइलचा हमबकर काढला. पी-९० दिसायला जाडजूड असला तरी तोही सिंगल कॉइलच, तोही गुणगुणतो. तेव्हा थोडी गुणगुण हा बिघाड नाही, किती आणि कधी येते ते बघायचं.

आधी गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरीही आवाज तेवढाच राहिला तर गिटार निर्दोष आहे, केबल, पेडलचा अ‍ॅडाप्टर नाहीतर अ‍ॅम्प तपासा. आवाज गेला, तर व्हॉल्यूम परत वाढवून खुर्चीत बसल्या बसल्या गोल फिरा, ठराविक दिशेला आवाज कमी झाला की समजायचं पिकअप बाहेरचं काहीतरी पकडतोय, म्हणजे अ‍ॅम्पचाच ट्रान्सफॉर्मर, लॅपटॉपचा चार्जर, एलईडीचा डिमर किंवा पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. पंखा फुल्ल करा किंवा बंद करा आणि बघा, अर्ध्या घरांत गुन्हेगार तोच निघतो.

आता तारांना हात लावा. हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर ठीक आहे, ब्रिजची ग्राउंड वायर जोडलेली आहे. काहीच फरक पडत नसेल तर ती वायर बहुतेक सुटलीय, ब्रिज उचलून बघा, टेलिकास्टरमध्ये कधी कधी ती नुसती प्लेटखाली दाबलेली असते. आणि हात लावल्यावर आवाज *वाढत* असेल तर वाजवणं थांबवा.

अर्थिंगची पिन कापणं, ही चूक खरंच करू नका

हे वेगळं लिहितोय कारण हा आवाजाचा विषय नाही, जिवाचा आहे. गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून थेट अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. गुणगुण घालवायला कोणीतरी सांगतं की तिसरी पिन काढून टाक किंवा दोन पिनांचा कन्व्हर्टर लाव, आणि गंमत म्हणजे कधी कधी आवाज खरंच कमी होतो, पण मग अ‍ॅम्पमध्ये काही बिघाड झाला तर २३० व्होल्टला जायला तुमच्या हातातल्या तारा हाच रस्ता उरतो, आणि समोर दुसऱ्या बोर्डावर लावलेला माईक असेल तर ओठ लागताच झटका. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत आणि गणपतीच्या मांडवात प्लगला भोकं तीन असतात पण मागे अर्थिंगची वायर असेलच असं नाही. इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. माईकचा मिक्सर आणि अ‍ॅम्प शक्यतो एकाच बोर्डावरून चालवा.

मेटलवाल्या गिटारसारखी खालची अ‍ॅक्शन हवी म्हणून हट्ट

जुन्या पद्धतीच्या फेंडर नेकचा रेडियस ७.२५ इंच असतो, म्हणजे फिंगरबोर्ड चांगलाच गोलाकार. कॉर्ड धरायला मस्त वाटतो, अंगठा वरून टाकून वाजवणाऱ्यांना तर फारच. पण अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटांपासूनची उंची) एकदम खाली आणून पातळ ई किंवा बी तारेला बाराव्या-पंधराव्या फ्रेटवर मोठा बेंड मारलात की तार कडेकडून मधल्या उंचवट्यावर चढते, पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर तिथेच मरतो. लोक म्हणतात गिटारचे फ्रेट खराब आहेत. नसतात हो. फेंडरच्याच मापाप्रमाणे या रेडियसला सतराव्या फ्रेटवर जाड ई २ मिलिमीटर आणि पातळ ई १.६ मिलिमीटर उंच ठेवायची, नेकला साधारण ०.३ मिलिमीटर रिलीफ, म्हणजे किंचित पुढे वाक, द्यायचा. पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटचा फ्रेट दाबा आणि आठव्या फ्रेटपाशी फट बघा, फट मोजायचा फीलर गेज ऑटोमोबाईल स्पेअरच्या दुकानात मिळतो. एवढं करूनही सूर मरत असेल तेव्हाच फ्रेट लेव्हलिंगचा विषय काढा.

घेण्याआधी स्पेसिफिकेशन वाचा हेही सांगून ठेवतो. दिसायला १९५० च्या दशकातली म्हणजे आतूनही तशीच असं नसतं, फेंडरच्याच स्वस्त ब्रँडच्या, स्क्वायरच्या क्लासिक व्हाइबचंच घ्या, रंगरूप जुनं पण रेडियस ९.५ इंच, बेंडला सोपा. माझ्या मते पहिल्यांदा घेणाऱ्याला हाच मधला रस्ता बरा.

पिकअप तारांना चिकटवून ठेवणं

आवाज मोठा हवा म्हणून पिकअपचे स्क्रू पिळून तो पार वर आणतात. फेंडरच्याच स्ट्रॅटोकास्टरवर हे फार होतं. या पिकअपमधले खांब स्वतःच चुंबक असतात, तारेच्या फार जवळ गेले की तिला ओढतात, मग जाड ई वर वरच्या फ्रेटांवर एकाच सुरात दोन सूर भांडल्यासारखं ऐकू येतं, ट्यूनर थरथरतो, इंटोनेशन (वरच्या फ्रेटांवरही सूर बरोबर येणं) लागता लागत नाही आणि माणूस ब्रिजशी झगडत बसतो. शेवटचा फ्रेट दाबून मोजा, तार आणि खांब यात जाड बाजूला २.४ आणि पातळ बाजूला २ मिलिमीटर अंतर ठेवा, तिथून कानाने ठरवा. खाली घेतल्यावर आवाज थोडा कमी होतो पण मोकळा होतो. कमी झालेला आवाज अ‍ॅम्पवर वाढवा ना, तो नॉब त्याचसाठी आहे.

तीन सॅडलकडून सहांचं काम मागणं

जुन्या टेलिकास्टरच्या ब्रिजवर सॅडल (तार टेकते तो सरकणारा ठोकळा) तीनच, दोन तारांमध्ये एक. म्हणजे इंटोनेशन शंभर टक्के अचूक होणार नाही. त्या काळी तिसरी, म्हणजे जी (G) तार वेढ्यांची यायची, आज आपण साधी वापरतो, त्यामुळे डी आणि जी ची जोडी सगळ्यात जास्त त्रास देते. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक आणि तोच सूर दाबून, दोन्ही ट्यूनरवर बघा, दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. जोडीतली एक तार किंचित चढी, दुसरी किंचित उतरी, असं मध्यावर सोडून द्या. अगदीच कानाला खुपत असेल तर तिरके कापलेले पितळी सॅडल मिळतात, तेही तीनच, दिसणं तसंच राहतं. नवीन तारा चढवल्याशिवाय यातलं काहीही करू नका, जुन्या गंजक्या तारेवर इंटोनेशन लावणं म्हणजे वेळ घालवणं.

स्विच बिघडलाय असं समजणं

ही तक्रार ऐकली की मला हसू येतं. जुनी हुबेहूब टेलिकास्टर घेतली, स्विच पुढे केला आणि आवाज एकदम कांबळं पांघरल्यासारखा, वर टोनचा नॉब फिरवला तरी ढिम्म. बिघाड नाहीये. १९५२ ते १९६७ पर्यंतचं वायरिंगच तसं होतं, मागे ब्रिज पिकअप, मधे नेक पिकअप टोनसकट, आणि पुढे नेक पिकअप एका मोठ्या कपॅसिटरमधून, बेस गिटारसारखा घुमणारा. दोन्ही पिकअप एकत्र अशी जागाच नव्हती. एस्क्वायरमध्ये पिकअप एक आणि तरी स्विच तीन जागांचा, तिथेही हाच प्रकार. आजचं नेहमीचं वायरिंग हवं असेल तर सोल्डरिंगचं काम आहे, पार्ट बदलायचं नाही. फक्त पॉटच्या, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या पार्टच्या, पाठीवर सोल्डर करायला बारीक २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, ४०-६० वॅटचं घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत आयर्न, सोल्डर, कपॅसिटर सगळं मिळतं, पॉट घेताना मात्र सिंगल कॉइलसाठी २५० के आणि हमबकरसाठी ५०० के हे लक्षात ठेवा आणि त्याचा दांडा तुमच्या नॉबमध्ये बसतो का ते तिथेच बघून घ्या.

आणि हो, नॉब दहावर गंजवून ठेवू नका. ब्रिज पिकअप टोचतो अशी तक्रार करणाऱ्याचा टोन नव्वद वेळा दहावरच असतो. सहा-सातवर आणा, मग बोला.

तार आधीच आखूड कापणं

जुन्या पद्धतीच्या खुंटीला वरून चीर आणि मधोमध भोक असतं. तार आधी कापायची, टोक भोकात खाली घालायचं, वाकवायचं आणि गुंडाळायची, टोक बाहेर येत नाही म्हणून बोटाला टोचत नाही. पण अंदाज चुकला की नवीकोरी तार वाया. तार ताणून धरा आणि आपल्या खुंटीच्या पुढे आणखी दोन खुंट्यांइतकी जास्त ठेवून कापा, पातळ तारांना अडीच-तीन. दोन-तीन वेढे, खाली खाली जाणारे.

तरीही ट्यून राहत नसेल तर खुंट्या बदलायच्या आधी नट (हेडस्टॉकपाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) बघा. ट्यून करताना टिक असा आवाज आला की तार खाचेत अडकतेय, जी (G) तर हमखास. मऊ पेन्सिलचं शिसं खाचेत घासा. ९ जाडीच्या तारांवरून १० वर गेला असाल तर खाच अरुंद पडू शकते, ती रुंद करायला नटाची बारीक फाईल लागते, घरातली करवत नव्हे.

पुण्याच्या हवेकडे दुर्लक्ष

एप्रिल-मे मध्ये इथली दुपार कोरडी ठणठणीत आणि जूननंतर तीन-चार महिने ओल. पावसाळ्यात नेक पुढे वाकून अ‍ॅक्शन वर जाते, उन्हाळ्यात उलटं, शिवाय लाकूड आकसून फ्रेटची टोकं हाताला लागतात. त्यामुळे वर्षातून दोनदा ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा वाक जुळवणारी सळई) बघणं आलंच. जुन्या वळणाच्या नेकमध्ये त्याचा नट हेडस्टॉककडे नसून खाली बॉडीच्या बाजूला असतो, तारा सैल करा, नेकचे स्क्रू ढिले करून नेक उचला, पाव फेरा, परत लावा, परत मोजा. कंटाळवाणं आहे, मान्य. एका दमात पूर्ण फेरा मात्र देऊ नका.

पावसात वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा. नॉब करकरत असेल तर इलेक्ट्रॉनिक्सचा काँटॅक्ट क्लीनर पॉटच्या आत मारून वीस-तीस वेळा फिरवा. टेलिकास्टरचा जॅक ढिला होऊन फिरायला लागला तर बाहेरून नुसता नट आवळत बसू नका, आतला जॅक पण बरोबर फिरतो आणि वायर पीळ खाऊन तुटते, जॅक आतून धरूनच आवळा.

जुनी दिसावी म्हणून जुनी करणं, आणि पार्ट फेकून देणं

पॉलिश पेपर घेऊन नव्या गिटारचा रंग खरवडणाऱ्यांबद्दल मी काही बोलणार नाही, आपापली आवड. पण नायट्रोसेल्युलोज लॅकरची खरी फिनिश असेल तर तिला रबराच्या स्टँडवर ठेवू नका, रबर आणि लॅकरची रिअ‍ॅक्शन होऊन रंग मऊ पडतो, डाग कायमचा राहतो. स्टँडला सुती कापड गुंडाळा.

आणि एवढं सगळं वाचूनही पिकअप, ब्रिज बदललाच, तर काढलेला प्रत्येक पार्ट त्याच्या स्क्रूंसकट पिशवीत घालून केसमध्ये ठेवा. विकायला काढलीत की घेणारा आधी हेच विचारतो, ओरिजिनल पार्ट आहेत का, आणि नाही म्हटलं की लगेच भाव पाडतो.