खुब्याच्या नसेचा उपचार: चाचणीच्या दिवशी झोपू नका

कराड आगारात ३१ वर्षं कंडक्टर होतो. चालत्या गाडीत दोन्ही हात तिकिटात गुंतलेले, म्हणून डावा खुबा सीटच्या दांडीला टेकवून उभं राहायची सवय. सांधा त्यानेच झिजला असं मी सगळ्यांना सांगायचो. डॉक्टर म्हणाले, तसं छातीठोक सांगता येत नाही. असो. आता वय ६९, आणि एक्स-रेत डाव्या उखळीत नि गोळ्यात फट म्हणून उरलेली नाही.

यावर सरळ उत्तर म्हणजे सांधा बदलणं. तुमची तब्येत ऑपरेशन झेपेल अशी असेल तर आधी तेच विचारा. मी खाली सांगतोय त्या उपचाराने झिजलेला सांधा तसूभर भरून येत नाही, फक्त दुखण्याची बातमी मेंदूपर्यंत कमी पोचते. माझा प्रश्न वेगळा होता. अटॅक येऊन गेलेला, स्टेंट टाकलेला, हृदयाचं पंपिंग ३० टक्के. भुलीच्या डॉक्टरांनीच मोठ्या ऑपरेशनला मान हलवली. पेनकिलरच्या गोळ्या हृदयामुळे आधीच बंद. मग राहिलं काय, तर आरएफए, म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी अब्लेशन. लोक याला 'नस जाळणं' म्हणतात, आणि तो शब्द ऐकूनच आमच्या घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही. "पाय लुळा पडला तर?" बायको हेच विचारत राहिली.

तिला मी समजावलं ते असं. मांडीत पुढच्या बाजूने दोन मोठ्या नसा येतात, फिमोरल आणि ऑब्चुरेटर. त्या म्हणजे हायवे. पाय हलवायचं काम त्यांचं. त्यांतून बारीक फाटे निघतात आणि खुब्याच्या सांध्याच्या पुढच्या पिशवीत जातात. दुखणं येतं ते बरंचसं या फाट्यांवरून. सुईच्या टोकाला साधारण ८० अंश उष्णता देऊन फक्त फाटे बंद करायचे, हायवे चालू ठेवायचा. कापाकापी नाही, टाके नाहीत, संध्याकाळी घरी. फाटे काही महिन्यांनी पुन्हा वाढतात, म्हणून आराम कायमचा नसतो. कोणाला सहा महिने मिळतात, कोणाला वर्ष, कोणाला काहीच नाही.

तर पहिलं काम घरी करायचं. दुखतं कुठे ते नीट बघा. खुब्याचं दुखणं बहुतेक वेळा जांघेत असतं. तिथून मांडीच्या पुढून गुडघ्यापर्यंतही उतरतं. पंजा बाजूने कमरेखाली धरून अंगठा मागे नि बोटं जांघेत ठेवून "इथे, आतमध्ये" असं तुम्ही दाखवत असाल, मोजा घालताना किंवा पायाची नखं काढताना जीव जात असेल, तर ते खुब्याचं. कळ ढुंगणातून निघून पोटरी-पावलापर्यंत जात असेल, मुंग्या येत असतील, तर कमरेचा मणका आधी तपासून घ्या. सांध्याच्या मागच्या बाजूला दुसऱ्याच नसा जातात. पुढचे फाटे बंद करून मागचं दुखणं थांबत नाही.

मग डॉक्टर. यात पेन क्लिनिकवाले, म्हणजे बहुधा भूलतज्ज्ञच, तरबेज असतात. मी दोन ठिकाणी गेलो. पहिल्या ठिकाणी एक्स-रे पिशवीतून बाहेर यायच्या आत पॅकेजचा आकडा सांगितला. चाचणीचं इंजेक्शन (आधी फाटे तात्पुरते बधिर करून फरक पडतो का बघायचं) कशाला, ते टाळलं तर वेळ आणि पैसा वाचेल, थेट आरएफए करून टाकू म्हणाले. मी उठलो. मिरजेला दुसरीकडे गेलो, तिथल्या बाईंनी आधी मला पॅसेजमध्ये चालायला लावलं, आडवं करून पाय आत-बाहेर फिरवून बघितला, मग बोलल्या. तुम्ही दोनच गोष्टी विचारा: आधी चाचणी करणार ना, आणि सुई घालताना सोनोग्राफी किंवा सी-आर्मवर, म्हणजे चालत्या एक्स-रेच्या पडद्यावर, बघत घालणार ना. जांघेत मोठी रक्तवाहिनी अगदी शेजारी असते, अंदाजाने सुई घालायची ती जागा नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं मात्र स्वतःच्या मनाने काही करू नका. सुई टोचणार म्हणून शेजाऱ्याच्या सल्ल्याने क्लोपिडोग्रेल बंद केली आणि स्टेंट तुंबला, तर खुब्याचं दुखणं राहील बाजूला. मी हृदयाच्या डॉक्टरांकडून कोणती गोळी थांबवायची, किती दिवस आणि पुन्हा कधी सुरू करायची, ते कागदावर लिहून आणलं आणि तो कागद फाईलच्या पहिल्या पानाला टाचला. पेसमेकर असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, कारण यात शरीरातून करंट जातो. साखर, ताप, अंगावर कुठे पिकलेलं असेल तर तेही.

आता चाचणीचा दिवस. माझ्या मते सगळा उपचार या एका दिवसावर उभा आहे, आणि मी पहिल्यांदा तोच वाया घालवला.

चाचणी म्हणजे त्या फाट्यांपाशी बधिर करायचं औषध सोडायचं आणि काही तासांपुरतं दुखणं किती कमी होतं ते बघायचं. निम्म्याच्या वर कमी झालं तर पुढे आरएफएला अर्थ. नाही झालं तर दुखण्याचं मूळ दुसरीकडे. माझ्या फाईलवर 'पेंग ब्लॉक' लिहिलं होतं, म्हणजे याच इंजेक्शनचं नाव. ही पद्धत २०१८ मध्ये टोरांटोच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली, मुळात खुबा मोडलेल्या लोकांसाठी. मला काय ठाऊक. मला नावाप्रमाणे पेंगच आली. पहाटे चारला उठलेलो, इंजेक्शन झालं, मुलाने गाडीत मागे उशी लावून आडवं केलं. घरी आल्यावर सूनबाईंनी मऊ भात वाढला, "दादा, पडा आता" म्हणाली, आणि मी संध्याकाळी सहापर्यंत घोरलो. उठलो तेव्हा औषध उतरलेलं. डॉक्टरांचा फोन आला, किती टक्के फरक? मी म्हटलं, झोपेत काही दुखलं नाही! पंधरा दिवसांनी पुन्हा सुई, पुन्हा खर्च.

दुसऱ्यांदा मी वेबिल लिहिलं, म्हणजे कंडक्टरचा फेरीच्या हिशोबाचा कागद असतो तसं. कंडक्टरला माहीत असतं, आकडे थांब्यावरच भरायचे, शेवटच्या स्टॉपला आठवून भरले की हिशोब चुकतो. शाळेच्या वहीचं एक पान घेतलं, उभ्या रेघा मारल्या: वेळ, काय केलं, दुखणं दहापैकी किती. इंजेक्शनच्या आधीच चार कामं ठरवली, जी केली की हमखास कळ येते. खुर्चीतून हात न टेकता उठणं, दहा पायऱ्या चढणं, डावा मोजा घालणं, पलंगावर डाव्या कुशीवर वळणं. आधीचे आकडे सात, आठ, आठ, सहा. इंजेक्शननंतर अर्ध्या तासाने तीच कामं, मग दर तासाला. साडेअकराला मोजा घातला आणि वहीत दोन लिहिलं. लिहून झाल्यावर तो मोजा काढून पुन्हा घातला, खरं वाटेना म्हणून. तीन वाजता चार, पाच वाजता सात. पान डॉक्टरांनी उलटसुलट बघितलं आणि तारीख दिली.

त्या दिवशी एक काळजी घ्या. बधिर औषध कधी कधी हायवेवरही ओघळतं आणि गुडघा अचानक वाकतो. म्हणून पायऱ्या चढताना कोणीतरी जवळ हवं, गाडी तर चालवायचीच नाही. आणि चाचणीच्या औषधात स्टिरॉइड मिसळणार का ते आधी विचारा. त्याचा गुण आठवडे टिकू शकतो, मग फरक कशाने पडला ते कळत नाही. शिवाय साखरवाल्यांची साखर काही दिवस चढते.

खुद्द आरएफए त्यामानाने बिनघोर. ढिला पायजमा घालून जा. ऑपरेशन थिएटरमध्ये उताणं झोपवतात, दुसऱ्या मांडीला चिकटपट्टी लावतात, ती करंट परत जायची वाट. जांघ थंडगार औषधाने पुसतात, जागा बधिर करतात. पूर्ण झोपेचा आग्रह धरू नका, कारण बोलायचं तुम्हालाच असतं. आधी झीणझीण करंट सोडून विचारतात, नेहमीच्या जागी जाणवतं का? मग टक-टक करंट, मांडी उडते का बघायला. माझी एका जागी टणकन उडाली. म्हणजे सुई हायवेच्या जवळ. त्यांनी सुई सरकवली, पुन्हा तपासलं, मगच तापवली. एकेका जागेला दीड मिनिट. आत खोल कोणीतरी गरम अंगठा दाबतंय असं वाटलं, ओरडण्यासारखं नाही. थंड पाणी फिरणारी, 'कूल्ड' म्हणतात ती सुई असेल तर जरा जास्त वेळ लागतो. तिचा खर्चही वेगळा, आधी विचारून ठेवा. विमा असेल तर मंजुरी लेखी घ्या, चाचणीची वेगळी आणि आरएफएची वेगळी.

घरी आल्यावर लगेच चमत्कार नाही. पहिले आठ-दहा दिवस जांघ ठेचल्यासारखी दुखली, आणि मी मनातल्या मनात पैसे मोजले. फडक्यात गुंडाळून बर्फ, दहा मिनिटं. गरम पिशवी नको. मांडीचा एखादा पट्टा बधिर झालेला असतो आणि भाजलेलं कळत नाही. तिसऱ्या आठवड्यात आकडे तीनवर आले. ताप, जांघेत वाढत जाणारी सूज, पू, किंवा पाय सारखा गळून पडतोय असं काही झालं तर वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा.

दुखणं थांबलं म्हणून मी चौथ्या आठवड्यात गावच्या यात्रेत दिवसभर उभा राहिलो आणि फिजिओच्या बाईंची बोलणी खाल्ली. हे महिने मांडी आणि ढुंगणाचे स्नायू कमवायचे असतात. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, उताणं झोपून कंबर उचलणं, एवढंच सुरुवातीला, पण रोज. काठीही मी उलटी धरत होतो. डावा खुबा दुखतो तर काठी उजव्या हातात. एसटीत चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. हजारो म्हाताऱ्यांना दंडाला धरून चढवलं, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कोणाला सांगितलं नाही.

वही अजून चालू आहे, आता आठवड्यातून एकदा. नवव्या महिन्यापर्यंत तीनच्या आसपास होतं. दहाव्यात मोज्याचा आकडा पाच झाला, गेल्या रविवारी सहा. पुढच्या मंगळवारी मिरजेला जातोय, पान घेऊन. आरएफए पुन्हा करता येते. मला विचारायचंय एवढंच, की चाचणी परत लागणार का. लागली तर दुपारच्या भाताला मी नाही म्हणणार आहे, हे सूनबाईला आत्ताच सांगून ठेवलंय.